मनातलं निसर्गातून मांडायचंय: जलरंग घ्यावेत की कोलाज?

झाडं-डोंगर हुबेहूब काढण्यापेक्षा मनात साचलेलं बाहेर यावं म्हणून निसर्गचित्राकडे वळणारे बहुतेक जण सवयीने रंगपेटी उचलतात. कोलाज म्हणजे शाळेतलं चिकटकाम, असा आपल्याकडे एक ग्रह आहे. मला तो मुळीच पटत नाही. दोन्ही माध्यमं भावनेशी फार वेगळी वागतात आणि निवड त्यावरूनच करावी.

जलरंग थांबू देत नाहीत. पावसाळी आभाळ घ्या. कागद ओला करून त्यावर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी मिसळून झालेला करडा सोडला की तो आपोआप पसरतो. कागदावरची चकाकी उतरू लागते, तेवढ्याच वेळात ढगाचं काळवंडलेलं पोट भरायचं. उशीर झाला की कोरड्या होत आलेल्या रंगात पाणी घुसून कडा उठतात. त्या काही मिनिटांत विचार करायला सवड नसते, म्हणूनच हाताची अस्वस्थता किंवा शांतपणा थेट कागदावर येतो. खोडायची सोय मात्र जवळजवळ नाही. मनात एकच भावना गच्च भरलेली असेल, तर याच्यासारखं माध्यम नाही.

भावनेला एखाद्या जागेची ओढही लागते. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटीतीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तलाव तोच, बदलतो तो प्रकाश आणि बघणाऱ्याचं मन. डच चित्रकार व्हॅन गॉगचं माध्यम तैलरंग, पण ओढ तीच. जुलै १८९० मध्ये त्याने भावाला लिहिलं, की वादळी आभाळाखालच्या अफाट गव्हाच्या शेतांतून आपण दुःख आणि टोकाचं एकटेपण मांडायचा प्रयत्न केला. त्याच पत्रात गावाकडचा निसर्ग माणसाला बळ देतो, असंही तो सांगतो. एका शेतात दोन्ही मावलं.

कोलाजमध्ये ठरवण्याची घाई नसते. तुकडे मांडा, सरकवा, रात्रभर तसेच ठेवा, सकाळी डोंगर उचलून खाली आणा. चिकटवेपर्यंत काहीच पक्कं नाही. आपल्याला नेमकं काय वाटतंय हेच ज्याला उमगत नाही, राग आणि आठवण एकमेकांत अडकलेत, त्याने इथून सुरुवात करावी. जुन्या कॅलेंडरचा छापील कागद हाताने फाडून बघा. एका तुकड्याला पांढरी खरबरीत कड येते, दुसऱ्याला येत नाही. ती कड समुद्राच्या तुकड्यावर फेस होते, डोंगरावर धुकं होते. कात्रीची रेघ निश्चयी दिसते, फाडलेली कड हळवी दिसते. ब्रशने हा फरक इतक्या सहज मिळत नाही.

मेरी डिलेनी ही इंग्लंडमधली बाई १७६८ मध्ये विधवा झाली आणि १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करू लागली. नजर अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, तिने जवळपास हजार फुलं केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत रडं कुठेच नाही. पण एकेका पाकळीला दिलेलं इतकं लक्ष पाहिलं, की शोक असाही व्यक्त होतो हे पटतं.

खर्चाचं बोलायचं तर जलरंगाचा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) चांगला कागद महाग पडतो आणि पातळ कागद पाण्याने फुगतो, म्हणून तिथे काटकसर करू नका. कोलाज घरातल्या रद्दीवरही सुरू होतं, मात्र वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, वाळलेल्या पानांचा रंग उडतो आणि पिठाच्या खळीला दमट हवेत कसर लागते. ठेवण्याजोगं काम असेल तर हातकागद आणि फेव्हिकॉल बरा.

माझा कौल नवख्यांसाठी कोलाजकडे आहे, कारण पहिल्याच आठवड्यात चित्र बिघडल्याच्या निराशेने माणूस सोडून देत नाही. तरीही मन रंगाकडेच ओढत असेल, तर फ्रेंच चित्रकार मातीसचा मार्ग आहे. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे मदतनीस कोऱ्या कागदांवर गुवाश, म्हणजे पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग, लावून देत आणि तो त्यातून कात्रीने पानं, शेवाळ, पक्षी कापून काढी. आपणही आधी पाच-सहा कागद मनाला येईल तसे रंगवून वाळू द्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच झाडं आणि आभाळ फाडायला घ्यावं.