डोक्यातून पू वाहत असताना केस लावले आणि 1 लाख 85 हजार घेतले

माझ्या भावाला सहा वर्षं डिसेक्टिंग सेल्युलायटिस हा डोक्याच्या कातडीचा आजार आहे. डोक्यावर गाठी, आतून एकमेकींना जोडलेल्या. एक दाबली की दोन बोटं पलीकडून पू येतो. आई रोज सकाळी उशीचा अभ्रा बदलते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स, सगळं करून झालं. सरकारी हॉस्पिटलातल्या प्लास्टिक सर्जन मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: खराब कातडी काढून मांडीची पातळ कातडी लावता येईल, पण तिथे केस उगवणार नाहीत.

तेच आम्हाला पचलं नाही. भाऊ 27 वर्षांचा, दोन स्थळं डोकं बघून परत गेलेली. अशा वेळी "नवी स्काल्प (डोक्याची कातडी) आणि केस, एकाच पॅकेजमध्ये" असं एखाद्या केस लावण्याच्या क्लिनिकनं म्हटलं की माणूस ऐकतो. तुम्हीही ऐकलं असतं.

त्या क्लिनिकला टोकन 11,000 यूपीआयने. रोख 89,000. उरलेले 85,000 हप्त्यांवर, ते अजून फेडतेय.

क्लिनिकच्या त्या खोलीतलं दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. "डॉक्टर" म्हणवणाऱ्यानं गाठ दाबली, पू बाहेर आला, त्यानं कापसानं पुसला आणि म्हणाला, "गुरुवारी करून टाकू." पू तपासायला पाठवला नाही, बायोप्सीचं नाव नाही, जुनी फाइल उघडलीसुद्धा नाही. मी समोर बसले होते! आजार पेटलेला असताना केस लावत नाहीत हे मॅडमनी मला सांगितलेलं होतं. तरी मी गप्प बसले, कारण भाऊ सहा वर्षांत पहिल्यांदा हसत होता.

कातडी बदललीच नाही. मागचे केस काढून त्या सुजलेल्या डोक्यात खोवले. बाराव्या दिवशी ताप, आणि केस पुवाबरोबर गळून गेले. पावतीवर फक्त "सेवा शुल्क". ऑपरेशनचं नाव लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

भिंतीवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधला तर दुसऱ्याच डॉक्टरांचा निघाला. हे काम पाच मिनिटांचं आहे, टोकनच्या आधी करा.

पोलीस म्हणाले, डॉक्टरवर थेट गुन्हा नोंदवता येत नाही, 2005चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. अहो, तो डॉक्टरच नाही! नोंदणीशिवाय प्रॅक्टिस हाच गुन्हा आहे, 1961च्या महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याचं कलम 33, मी छापून नेलं होतं. वाचलंसुद्धा नाही. "पालिकेचं पत्र आणा." पालिका म्हणते, "एफआयआर आणा." चार महिने, अकरा फेऱ्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगला. अर्ज दिलात तर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. माझे पहिले दोन अर्ज "सापडत नाहीत".

भाऊ परत मॅडमकडे जातोय. आता जखमा जास्त, म्हणून काढायची कातडीही जास्त. गेल्या मंगळवारी त्यानं स्वतःच विचारलं, "मॅडम, मांडीची कातडी कधी लावाल?"