पिकअपच्या केबिनला आवाज आणि उष्णता रोखणारे थर बसवले : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी डिझेल पिकअप सहा वर्षांची आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा तासगावहून बेदाण्याचे बॉक्स घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायचे आणि उरलेले दिवस सांगली, मिरज, कवठेमहांकाळ अशा जवळच्या फेऱ्या मारायच्या, असा तिचा क्रम आहे. पुण्याहून परतल्यावर रात्री जेवायला बसलो तरी कानात घरघर चालूच असे, आणि एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की एसी असूनही डोक्यावर तवा धरल्यासारखे वाटे. म्हणून गेल्या फेब्रुवारीत केबिनचे काम करून घेतले. हे मुद्दाम उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सरल्यावर लिहीत आहे, कारण पहिल्या आठवड्यात लिहिले असते तर निम्मे कौतुक नंतर मागे घ्यावे लागले असते.

त्याच्या आदल्या वर्षी मी एक चूक केली होती. स्वस्त पडते म्हणून एका दुकानातून डांबरी शीट आणून ती छताला आतून चिकटवली. मार्च निघेपर्यंत ती जागेवर होती. त्यानंतर डांबर मऊ पडून शीट मधोमध लोंबू लागली, छताच्या अस्तराला पोट आले आणि केबिनमध्ये नवा रस्ता केल्यासारखा वास भरून राहिला. या वेळी काम करणाऱ्या मिस्त्रींनी ती शीट सोलून काढताना एवढेच म्हटले, "मालक, ही जमिनीला चालते, डोक्यावर नाही." तो चिकटा काढण्यातच त्यांची एक सकाळ गेली आणि तिची मजुरी मला वेगळी मोजावी लागली.

या वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी वापरल्या, आणि त्यांतला फरक नीट कळणे हीच या कामातली मुख्य बाब आहे असे आता माझे मत झाले आहे. पहिली म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची ब्युटाइल रबरची शीट, जिच्या एका अंगाला ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा असतो. गाडीचा पत्रा थरथरतो तेव्हा मधले रबर गाडीचा पत्रा आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये ताणले जाते आणि ती थरथर रबरातच किंचित उष्णता होऊन विरते. त्यामुळे ही शीट सगळीकडे मढवण्याची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या, थरथरणाऱ्या मधल्या भागात निम्म्याच्या आत झाकली तरी बहुतेक काम होते. मडके घेताना वाजवून पाहतात तसे मिस्त्री बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहत होते. जिथे 'टण्' असा आवाज येई तिथे तुकडा बसवून त्यावर लोखंडी रोलर दाबून फिरवायचा, पुन्हा वाजवायचे, आणि 'ठप्' आवाज आला की पुढे सरकायचे. शीट बसवण्याआधी पत्रा थिनरने पुसणे आणि शीटखाली हवेचा फुगा न राहू देणे, या दोन गोष्टींबाबत ते फार काटेकोर होते.

मात्र ही शीट उष्णता अडवत नाही. चकाकणारा ॲल्युमिनिअम पाहून अनेकांचा तसा समज होतो आणि माझाही होता. पण उन्हाची धग परतवायची तर चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी लागते. शीटवर लगेच दुसरा थर टेकला की ती चकाकी वाया जाते. उष्णतेसाठी वापरलेली दुसरी वस्तू म्हणजे नायट्रिल रबरचा बंद छिद्रांचा फोम, जो एसीच्या पाइपांना आणि डक्टला गुंडाळतात तोच. छताला दहा मिलिमीटर, तर पायाखाली आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याला सहा मिलिमीटर जाडीचा लावला. गादीचा साधा स्पंज तिथे लावू नये. तो पाणी धरून ठेवतो, आणि इंजिनाजवळ आग पकडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

सीट आणि मॅट काढल्यावर सीटच्या बोल्टांभोवती गंज दिसला. तो घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) मारला आणि ते वाळेपर्यंत एक दिवस थांबलो. शीट, फोम, रबरे आणि मजुरी धरून एकूण खर्च साधारण साडेतेरा हजार रुपये आला. गाडीचे वजन सोळा-सतरा किलोंनी वाढले, म्हणजे बेदाण्याच्या एका बॉक्सपेक्षा थोडे जास्त. मालवाहू गाडीला हे ओझे नव्हे.

आता परिणामाविषयी. कराड-सातारा रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, ताशी सत्तरच्या वेगाने, एकाच फोनवरच्या ॲपने मोजले तेव्हा आधी 77 डेसिबलच्या आसपास असणारा आवाजाचा आकडा कामानंतर 73 च्या आसपास आला. फोनचे माप बिनचूक मानता येत नाही, पण फरक कानालाही कळतो. छाती हलवणारी खालच्या सुराची घुमघुम बरीच गेली. टायरचा आणि काचेवरून कापत जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहिला. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात भिंतींवरून परतणारा आवाज आधी अंगावर येई. आता तिथे शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. अर्थात काच चार बोटे खाली केली तरी सगळे मुसळ केरात. ज्यांच्या पिकअपला एसी नाही त्यांनी आवाजासाठी एवढा खर्च करू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

परतीचा माझा रस्ता बोगद्यातून नव्हे, घाटातून चढत असे, आणि मला सर्वांत मोठे सुख तिथे मिळाले. चढाला खालच्या गिअरमध्ये इंजिन तापले की गिअरबॉक्सच्या बाजूने येणाऱ्या धगीने डाव्या पायाची नडगी भाजून निघत असे. उन्हाळ्यात मी पँटच्या आत जाड मोजे ओढून बसत असे. या उन्हाळ्यात ते मोजे घरीच राहिले.

छताचा फरक पाहण्यासाठी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता, यार्डात शेजारीच उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या पांढऱ्या पिकअपशी तुलना केली. थर्मामीटर गनने मोजले तर तिच्या छताचे अस्तर 58 अंश आणि माझ्या गाडीचे 47 अंश होते. पण दोन्ही गाड्या सकाळपासून उन्हात उभ्या होत्या आणि आत बसल्यावर दोन्हींत सारखाच कोंडमारा झाला, कारण पुढच्या काचेतून येणारे ऊन या थरांना जुमानत नाही. फोम उष्णता आत येण्याचा वेग कमी करतो, तिला दारातूनच परत पाठवत नाही. फायदा दिसतो तो एसी सुरू केल्यावर. आता दहा मिनिटांत पंखा तिसऱ्यावरून पहिल्यावर आणता येतो.

पावसाळ्याने दोन चुका उघड्या पाडल्या. जुलैमध्ये अंकलीजवळ वळण घेताना डाव्या दरवाजातून डुचमळल्याचा आवाज आला. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके फोमच्या पट्टीखाली झाकली गेली होती; दरवाजाचे आतले पॅड काढून खिळ्याने पट्टी उचकटताच तांब्याभर गढूळ पाणी पायावर आले. हे लक्षात आले नसते तर वर्षभरात दरवाजा खालून कुजला असता. दुसरी चूक माझ्या हट्टाची होती. मॅटखाली मऊ वाटावे म्हणून मी नमद्याचा (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा) एक थर टाकायला लावला होता. चिखलाच्या बुटांनी तो भिजला आणि ऑगस्टभर केबिनला कुबट वास राहिला. तो काढून तिथेही फोमच टाकला. पूर्वी मी केबिन पाइपने धूत असे, ती सवय मात्र सोडावी लागली.

एका गोष्टीचे मला राहून राहून नवल वाटते. गिअर लिव्हरचे फाटलेले रबर, वायरी जिथून केबिनमध्ये शिरतात तिथले निसटलेले रबर आणि उजव्या दरवाजाचे चपटे झालेले बीडिंग (दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी), एवढेच बदलायला बाराशे रुपये लागले, आणि आवाजाचा जवळपास अर्धा फरक त्यानेच पडला असावा असा माझा अंदाज आहे. दरवाजात कागद धरून दरवाजा लावावा. कागद सहज ओढून काढता आला तर बीडिंग गेले आहे असे समजावे. ही तपासणी मी शीट विकत घेण्याआधी करायला हवी होती.

केबिन शांत झाल्यापासून पूर्वी कधीच ऐकू न आलेले आवाज ऐकू येतात. डॅशबोर्डमध्ये कुठेतरी टिकटिक होते, तिचा पत्ता अद्याप लागलेला नाही. गाडी रिकामी असली की हौद्याच्या फाळक्याची साखळी खणखणते. तिला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. ती दोन महिन्यांत झिजली, म्हणून परवा दुसरी गुंडाळली आहे.