ओळ द्या, कविता करा: या खेळासाठी व्हॉट्सॲपचा गट कितपत कामाचा?

एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी तिच्यावर लिहायचं. लिहिणाऱ्या दहा-बारा मित्रांच्या या खेळाला व्हॉट्सॲपचा गट पुरतो. चारोळी, हायकू, समस्यापूर्ती (दिलेली ओळ घेऊन कविता पूर्ण करणं), पाच शेरांची, म्हणजे दोन-दोन ओळींच्या पाच कडव्यांची, तरही गझल (दिलेल्या ओळीवर बेतलेली) इथे छान रंगते. लांब मुक्तछंदासाठी मात्र ही जागा नव्हे. 'अधिक वाचा'च्या पलीकडे गेलेली कविता फार थोडे जण उघडतात.

खरी मेहनत ओळ देणाऱ्याची. समजा तरहीसाठी ओळ दिली: 'गावात पाय माझे, रानात सावली ही'. वृत्त आनंदकंद, लगावली, म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा क्रम, 'गागालगा लगागा' दोनदा ('ल' लघू, एक मात्रा; 'गा' गुरू, दोन मात्रा), एकूण मात्रा 24. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी तसाच येणारा शब्द, 'ही'; काफिया, म्हणजे त्याआधीचा यमकाचा शब्द, 'सावली'. एवढंच सांगून सोडलं की घोळ ठरलेला. एक जण लागली, चांगली, आपली घेतो. दुसरा माउली, बाहुली. 'ली'च्या आधीचा स्वर, म्हणजे अलामत, पहिल्याकडे 'अ' आणि दुसऱ्याकडे 'उ'. मग कविता बाजूला राहते आणि गटात वाद पेटतो. म्हणून वृत्त, रदीफ, काफिया, अलामत आणि मुदत एकाच संदेशात हवी. शिवाय या रदीफमुळे शेरात सारखं वाट, रात, आस असं स्त्रीलिंगी एकवचनच येत राहतं. पाच शेरांपुढे तोचतोचपणा जाणवतो. ओळ देण्याआधी स्वतः दोन शेर लिहून पाहिले की अशा खोडी आधीच कळतात.

गटात नवखे असतील तर भुजंगप्रयात द्यावं. 'लगागा' चार वेळा, 12 अक्षरं, आणि मनाच्या श्लोकांमुळे ती चाल बहुतेकांच्या कानात असतेच.

आता ॲपबद्दल. ओळीचा संदेश पिन करता येतो: 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. आठवड्याच्या खेळाला 7 दिवस योग्य. पाठवलेली कविता 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येते, त्यामुळे मात्रा आधी मोजाव्यात. कीबोर्डच्या सूचनांकडेही लक्ष हवं: वृत्तासाठी 'कधि' ऱ्हस्व घेतलेलं असतं, सूचनेतला 'कधी' बोटाखाली येतो आणि एक मात्रा वाढते.

फोनच्या अरुंद पडद्यावर 24 मात्रांची ओळ भलत्याच जागी मोडते आणि वाचणाऱ्याची लय जाते. त्यावर उपाय म्हणजे यतीपाशी, ओळीतल्या विरामाच्या जागी, आपणच ओळ तोडायची आणि दोन शेरांमध्ये एक रिकामी ओळ सोडायची. ओळीच्या सुरुवातीला आकडा, टिंब आणि मोकळी जागा दिली तर ॲप त्याची यादी करून टाकतं. शेरांना क्रमांक द्यायचेच असतील तर एक, दोन असे अक्षरांत लिहावेत.

सर्वांत कच्ची बाजू मतदानाची. पोलमध्ये 12 पर्याय मावतात, पण कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मित्रांच्या गटात मग मत कवितेला न पडता माणसाला पडतं. संयोजकाने कविता खासगीत मागवून, नाव न देता, क्रमांक घालून गटात टाकाव्यात, तेही फॉरवर्ड न करता मजकूर चिकटवून. पोलमधला एकाहून अधिक उत्तरांचा पर्याय बंद करायला विसरू नये. खरं तर मतदान न करता प्रत्येकाने आवडलेला एक शेर उद्धृत करून दोन वाक्यं लिहिली तर लिहिणाऱ्याला जास्त मिळतं. उत्तर देताना मूळ संदेश वर दिसतो, ही सोय त्यासाठी फार चांगली आहे.

संग्रहाच्या बाबतीत हा गट दुबळा. शुभेच्छांच्या गर्दीत कविता बुडतात. प्रत्येक कवितेवर '#तरही' किंवा '#चारोळी' अशी एकच ठरलेली खूण असली तर शोधताना सापडतात. आपोआप नाहीसे होणारे संदेश गटात सुरू नाहीत ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं. महिन्यातून एकदा चॅट निर्यात करून मजकुराची फाइल काढावी आणि त्यातल्या कविता वेगळ्या दस्तऐवजात, ओळ आणि वृत्तासह, लावून ठेवाव्यात.