मर्टोआचे ‘स्टिक शेड’ : राशीच्या मापाचे छप्पर

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या वायव्येला सुमारे ३०० किलोमीटरवर, विमेरा नावाच्या गव्हाच्या पट्ट्यात मर्टोआ हे छोटे गाव आहे. या भागात येणारे बहुतेक प्रवासी रंगवलेले सायलो, म्हणजे धान्य साठवण्याचे उंच मनोरे, पाहायला येतात. ब्रिम येथील १९३९ सालच्या सायलोंवर गीडो व्हॅन हेल्टन यांनी २०१६ च्या आरंभी पूर्ण केलेली शेतकऱ्यांची चित्रे पाहिली की त्याचे नवल वाटत नाही. ती प्रचंड माणसे खरोखरच पाहत राहावीत अशी आहेत. तरीही एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ हाताशी असेल, तर तो मर्टोआच्या ‘स्टिक शेड’ या गव्हाच्या जुन्या कोठाराला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. चित्र पाहताना सायलोची नुसती भिंत होऊन जाते. इथे मात्र धान्य साठवण्याची युक्तीच डोळ्यांसमोर उभी राहते.

दुसऱ्या महायुद्धात गहू परदेशी न्यायला जहाजे मिळेनाशी झाली आणि पिकलेला गहू जागच्या जागी साचू लागला. पोलादाचीही टंचाई होती. तेव्हा १९४१-४२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत, माउंटन अॅश जातीच्या निलगिरीचे ५६० वासे, करवतीखालीही न घालता, जसेच्या तसे उभे करून हे कोठार बांधण्यात आले. लांबी सुमारे २७० मीटर, रुंदी ६० मीटर, आणि मावणारा गहू सुमारे ९२ हजार टन, म्हणजे आपल्या हिशेबाने नऊ लाख क्विंटलांहून अधिक.

आत पाऊल टाकल्यावर बराच वेळ बोलवत नाही. अंधूक उजेडात उंचच उंच खांबांच्या रांगा दूरवर एकमेकींत मिसळत जातात. जवळ जाऊन एका खांबावरून हात फिरवला, तर त्याच्या गाठी आणि उभ्या चिरा बोटांना लागल्या. एकही खांब दुसऱ्यासारखा नाही. पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो छपराचा उतार. गहू वरून ओतला की रास आपोआप ज्या उताराला स्थिरावते, त्याच उताराचे हे छप्पर आहे. आढ्याखालून जाणाऱ्या वाहकपट्ट्यावरून धान्य खाली पडे आणि रास वाढत वाढत छपराला भिडे. खळ्यावरची रास ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पन्हाळ्याच्या अंबारखान्यातही धान्य वरच्या झरोक्यांतून ओतले जाई, आणि गंगा, यमुना, सरस्वती ही त्या कोठ्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. मात्र ती किल्ल्याची कोठारे असल्यामुळे टिकली. सोलापूरकडच्या आमच्या वाड्यातले ज्वारीचे पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, कोणाच्याच लेखी वारसा नव्हते. ते उघडले की आजोबा आधी पेटता कंदील दोरीने आत सोडत, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरत असे. पुढे ते पेव बुजवले गेले, वर फरशी बसली, आणि आज त्याची नेमकी जागाही मला दाखवता येणार नाही. म्हणूनच मर्टोआचे महत्त्व मला अधिक वाटते. इथलेही दुसरे, याहून मोठे कोठार १९७५ मध्ये पाडले गेले. त्या प्रकारचे आज हे एकच उरले आहे. २०१४ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळाले. राजवाडा नाही, देऊळ नाही, तात्पुरत्या गरजेपोटी उभारलेले गव्हाचे गोदाम, आणि तरीही त्याला हा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक उणीव जाणवते, पण ती कोणाच्या व्यवस्थेची नव्हे. कोठार रिकामे असल्यामुळे गव्हाचा दाब, धूळ आणि यंत्रांचा आवाज यांची कल्पना मनानेच करावी लागते. लहान मुलांना त्यासाठी कोणी सोबत बसून सांगणारे हवे. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात आणि किमान तासभर राखून ठेवावा. प्रवेशापाशी फोटो काढून परत फिरू नये. शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे आणि तिथून मागे वळून पाहावे; दारातला माणूस गव्हाच्या दाण्याएवढा दिसतो.