डायव्हेल की रॉकेट?

ठाण्याच्या मित्राचं आठवडाभर एकच चाललंय: बाईक डुकाटी डायव्हेल व्ही४ घ्यावी की ट्रायम्फ रॉकेट ३? दोन्ही चालवल्यात, म्हणून सांगतो.

आधी जोर. रॉकेटचं तीन सिलिंडरचं इंजिन २,४५८ सीसीचं, टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, २२० न्यूटन-मीटरच्या वर. गिअर कुठलाही असो, मूठ जरा पिळली की हात ताणले जातात. डायव्हेलचं १,१५८ सीसीचं इंजिन १६८ पीएस (अश्वशक्ती) देतं, पण ते खुलतं वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरू लागल्यावर. पहिल्या धक्क्यात रॉकेटला तोड नाही.

पण हा धक्का मुंबईत अनुभवायचा कुठे? सी लिंक, अटल सेतू, पुणे एक्स्प्रेस वे, सगळीकडे दुचाकींना बंदी. उरतो सायनचा सिग्नल. तिथे डायव्हेल थांबली की तापलेल्या इंजिनाचे मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि मांड्यांना कमी चटके बसतात. वजनही रॉकेटपेक्षा सत्तर किलोंहून जास्त कमी. उतारावर पार्किंगमधून मागे ओढताना हा फरक थेट कमरेला कळतो. माळशेजच्या वळणांवर रॉकेट झुकते छान, पण वजन विसरू देत नाही. डायव्हेल नजर जाईल तिकडे वळते.

देखभालीत रॉकेट पुढे. शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाकाला जोर) असल्यामुळे पावसाळ्यात चेन धुणं, तेल देणं ही कटकटच नाही.

रोज शहरातून आणि रविवारी घाटात जाणाऱ्याने डायव्हेल घ्यावी. नाशिक हायवेवर पहाटे निघून लांब जाणाऱ्या, वजन पेलणाऱ्या गड्यासाठी रॉकेट. मित्राचं ऑफिस अंधेरीला आहे. त्याला मी डायव्हेलच सांगितली.