लहान मुलं घेऊन जर्मनी की कॅनडा? आधी मुलांची वयं सांगा

माझी मामेबहीण नाशिकला असते. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम बघतो, वय पस्तीस. ती शाळेत गणित शिकवते. मुलगा साडेसात वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. मागच्या महिन्यात रात्री तिचा फोन आला, "ताई, खरं सांग, जर्मनी की कॅनडा?" मी सहा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते आणि माझे नणंद-नंदावे आठ वर्षांपासून कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला आहेत, म्हणून तिला वाटलं मला सगळं ठाऊक असणार. तसं काही नाही, पण दोन्हीकडची रडगाणी दर रविवारी ऐकते. तिला तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

पगाराचा गुणाकार करून हा निर्णय घेऊ नका. युरोचे रुपये आणि डॉलरचे रुपये कुणालाही करता येतात. घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टींवर सगळं ठरतं: तिथे उतरताना मुलांचं वय काय असेल, आणि पहिली दोन वर्षं तुम्हा दोघांपैकी कोण नोकरीबाहेर बसणार.

आत शिरायचं दार

जर्मनीचं दार नोकरीतून उघडतं. हातात पदवी आणि नोकरीचा करार असला आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा काम-आणि-राहण्याचा परवाना, मिळतं. २०२५ मध्ये ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाई असलेल्या क्षेत्रांत ४३,७५९.८०. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून कामाची मुभा असते. बी१ पातळीचं, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतकं, जर्मन झालं तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य, नुसतं ए१ म्हणजे अगदी प्राथमिक असेल तर २७ महिन्यांत.

कॅनडाचं दार गुणांवर उघडतं, आणि सध्या ते फटीएवढंच उघडं आहे. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांचे गुण मोजून वरच्यांना सोडतीत बोलावण्याच्या पद्धतीत, जोडीदारासह अर्ज केला तर वयाचे १०० गुण २९ वर्षांपर्यंतच मिळतात. पस्तिशीला ते ७० होतात, पंचेचाळिशीला शून्य. २०२५ च्या मार्चपासून नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले. त्या वर्षी कॅनडातला अनुभव असलेल्यांच्या सोडतींची किमान गुणांची रेघही पाचशेच्या वरच राहिली. भारतातून थेट अर्ज करणाऱ्याला उरलं ते एखाद्या प्रांताचं नामांकन, आरोग्यसेवेसारख्या खास गटातली सोडत, किंवा फ्रेंच. फ्रेंच चांगलं येणाऱ्यांची रेघ चारशेच्या आसपासही आली आहे. "एकाने कॉलेजला प्रवेश घ्यायचा, दुसऱ्याने वर्क परमिटवर काम करायचं" ही जुनी युक्ती अजून काही एजंट विकतात. २०२५ च्या जानेवारीपासून जोडीदाराला तसं परमिट मुख्यतः १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्ससाठी, डॉक्टरेटसाठी आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांसाठीच मिळतं. साध्या डिप्लोम्यावर मिळेल असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा.

पण एकदा का कॅनडाचं दार उघडलं, की अख्खं कुटुंब कायमचा रहिवासी म्हणूनच विमानातून उतरतं. नोकरी गेली तरी कुणी देश सोडायला सांगत नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलात की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीत त्यासाठी पाच वर्षं आणि बी१ लागतं. भारतीय पासपोर्ट दोन्हीकडे सोडावाच लागतो, कारण दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे चालत नाही.

दीड वर्षाची मुलगी

जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघराची, म्हणजे किटाची, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क आहे, जागा नाही. आम्ही चौदा ठिकाणी नाव नोंदवलं होतं. अकरांचं उत्तरच आलं नाही, दोघांनी नकार कळवला, आणि शेवटच्या ठिकाणी मुलगी तीन वर्षांची झाल्यावर जागा मिळाली. हे पश्चिमेकडचं चित्र. लायप्झिग, ड्रेस्डेन अशा पूर्वेकडच्या शहरांत जागा बऱ्याच सहज मिळतात. तिकडचं स्थलांतरितविरोधी राजकारण वाचून काहींना जायला नको वाटतं, तेही समजण्यासारखं आहे. शुल्काचं म्हणाल तर बर्लिनमध्ये ते नाहीच, फक्त जेवणाचे थोडे पैसे. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, गावागणिक वेगळं.

जागा मिळाल्यावर मात्र मी माझी बरीचशी चिडचिड परत घेतली. आयन्गेव्योनुंग नावाचा प्रकार असतो, मूल रुळवण्याचा. पहिले तीन दिवस मी कोपऱ्यातल्या एवढ्याशा खुर्चीवर तासभर नुसती बसून होते, फोन काढायची परवानगी नाही. चौथ्या दिवशी किटातल्या ताईंनी मला दहा मिनिटं दाराबाहेर उभं केलं. आतून रडण्याचा आवाज आला की परत आत. असं करत करत चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही आणि बाहेर येऊन मीच रडले. पाऊस असो की बर्फ, रबरी विजार चढवून मुलं रोज चिखलात. डब्याला इथे श्वाबी बोलीत फेस्पर म्हणतात. तूप-साखरेच्या पोळीच्या सुरळीला ताईंनी 'गोड नको' म्हणून हरकत घेतली, तेव्हापासून आत भाजी भरते.

ओंटारिओत सरकारी अनुदानाच्या डे-केअरचं शुल्क २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर. तिथेही प्रतीक्षायादी लांबच. मग लोक घरगुती पाळणाघर शोधतात. नणंदेची मुलगी वर्षभर एका पंजाबी मावशींकडे होती, अजून तिला आलूपराठा मावशींच्याच हातचा लागतो. पण कॅनडाची मोठी सोय पुढे आहे: मूल ज्या वर्षी चार पूर्ण करणार, त्या सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टन, पूर्ण दिवस, फुकट. जर्मनीत सहाव्या वर्षापर्यंत किटाच. आणि पहिलीत गेलं की उलट पंचाईत, कारण बऱ्याच शाळा दुपारी बारा-एकलाच सुटतात. दुपारच्या सांभाळाचा हक्क ऑगस्ट २०२६ पासून आधी पहिलीच्या मुलांना आणि मग दर वर्षी एकेक इयत्ता वाढवत लागू होणार आहे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या आया अर्धवेळ का काम करतात, त्याचं उत्तर या साडेबाराच्या घंटेत आहे.

साडेसात वर्षांचा मुलगा

खरी अडचण याची आहे, मुलीची नाही. दीड वर्षाचं पोर कुठल्याही भाषेत वाढतं. साडेसातचं पोर वर्गात हुशार म्हणून मिरवत असतं आणि एका सोमवारी त्याला "मला शूला जायचंय" एवढंही सांगता येत नाही.

आमच्या राज्यात जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वेगळे वर्ग असतात, ते चांगले असतात. पण चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझिउम, दहावीपर्यंतची रिआलशूले वगैरे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही फाटाफूट सहावीनंतर होते. बाडेन-व्युर्टेम्बर्गने तर अलीकडे नियम पुन्हा आवळले. आता शिक्षकांची शिफारस, कोम्पास ४ ही परीक्षा आणि पालकांची इच्छा, या तिन्हींपैकी दोन जुळल्या तरच गिम्नाझिउमचं दार सरळ उघडतं. बहिणीचा मुलगा आठव्या वर्षी आला तर जर्मन शिकून त्याच भाषेत गणिताची शाब्दिक उदाहरणं सोडवायला त्याला जेमतेम दोन वर्षं मिळतील. म्हणून तिला म्हटलं, आलीस तर त्याला एक वर्ग खाली बसव, लाज बाळगू नकोस. गिम्नाझिउम हुकलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. रिआलशूलेनंतर व्यावसायिक गिम्नाझिउमातून आबिटुअर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची शालान्त परीक्षा, करणारी मुलं आमच्याच गल्लीत आहेत. पण ज्या घरात आठवीपासून क्लास लावायची सवय, तिथे हा काळ आईबापांना फार जड जातो.

ओंटारिओत हे नाही. दहाव्या वर्षी कुणी शिक्का मारत नाही. शाळा इंग्रजी, मुलाला इंग्रजी थोडंफार येत असतं, कमी पडलं तर वर्गाबाहेर काढून वेगळं शिकवतात. चौथीपासून फ्रेंच सक्तीचं, ते सगळ्यांनाच नवीन असल्यामुळे नवख्याची अब्रू राहते. अपवाद क्युबेकचा, तिथे स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालावं लागतं.

जर्मनीत आणखी एक अट आहे, ती आधीच ऐकून ठेवा. शाळा चुकवून भारतवारी नाही. सुट्टीच्या दोन दिवस आधीचं स्वस्त तिकीट काढलं तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर मुलांना हटकल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे चुलतभावाचं फेब्रुवारीतलं लग्न विसरायचं.

घरी कोण बसणार

मी पुण्यात सहकारी बँकेत होते. इथे कामाची मुभा होती पण भाषा नव्हती. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, बी१, मग त्याच्या वरचं बी२, आणि तिसऱ्या वर्षी एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. त्या तीन वर्षांत नवऱ्याची नोकरी पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालू होती. कॅनडात नेमकं उलटं होतं. नणंदेला आठवड्यात दुकानात काम मिळालं. नंदावे मेकॅनिकल इंजिनिअर, पण पहिला हिवाळा त्यांनी गोदामात रात्रपाळीत काढला. 'कॅनडातला अनुभव' हवा, एवढंच सगळीकडे ऐकायचे. ओंटारिओत इंजिनिअरच्या परवान्यासाठी ती अट २०२३ मध्ये निघाली आणि जाहिरातीत छापायला २०२६ पासून बंदी आली. मालकांच्या डोक्यातून ती कधी निघते ते बघायचं.

थोडक्यात, जर्मनीत एकाचं करिअर थांबतं आणि कॅनडात सुरुवातीला दोघांचं घसरतं. बहिणीला हे झोंबलं, कारण थांबणारी ती असेल. गणिताची शिक्षिका म्हणून तिला दोन्हीकडे थेट उभं करणार नाहीत, पण ओंटारिओत निदान इंग्रजीच्या जोरावर शाळेच्या आवारात पाय ठेवता येईल.

ताप आणि पैसे

जर्मनीत सरकारी आरोग्यविम्यात बिनकमावता जोडीदार आणि मुलं जास्तीचा हप्ता न भरता बसतात, मुलांचे दात आणि औषधंसुद्धा. २०२४ पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवस आजारपणाची भरपाई मिळते, मात्र घरात सांभाळायला दुसरं कुणी नसेल तर. ओंटारिओत कुटुंबासाठी कायद्याने किमान तीन दिवसांची रजा, तीही बिनपगारी. डॉक्टर फुकट, पण फॅमिली डॉक्टर मिळवणं हेच मोठं काम. आमच्याकडेही बालरोगतज्ज्ञ 'नवे पेशंट घेत नाही' असं सांगतातच.

हातात येणाऱ्या पैशाचं बघू. ६० हजार युरोचा पगार, एकटा कमावता: सगळं कापून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. त्यातले दीड हजार घरभाडं. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांचा सरकारी मासिक भत्ता, २०२५ मध्ये मुलामागे २५५ युरो, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखे. कॅनडाचा भत्ता उत्पन्नावर अवलंबून आहे. जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी सहाच्या आतल्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर, मोठ्याला ६,७४८. म्हणजे बहिणीच्या दोन्ही मुलांचे मिळून महिन्याला बाराशेच्या वर. पडत्या काळात नणंदेचं घर यावरच चाललं. दोघांचे पगार नीट सुरू झाले की तो आक्रसतो. शिवाय चौघांसाठी सुमारे २८ हजार डॉलर खात्यात आहेत हे निघण्यापूर्वी दाखवावं लागतं, आणि मिसिसागात गाडीवाचून चालत नाही. गाडीचा विमा विचारूच नका.

आजी

हा मुद्दा कुठल्याच कोष्टकात नसतो. माझी मुलगी चारला घरी येते तेव्हा पुण्यात साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. आजी कुकर लावून मोकळी, रोज अर्धा तास गोष्ट. तिचं मराठी या गोष्टींनीच टिकवलंय. मिसिसागाची भाची चारला घरी येते तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते. ती आजीशी सकाळी दात घासता घासता बोलते, तोंडात फेस, "आजी, लेट होतंय, बाय."

पण प्रत्यक्ष येण्याचं गणित उलटं आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच्या खास व्हिसावर, सासूबाई एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढून. आमच्याकडे पाहुण्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मुंबई-फ्रँकफुर्ट थेट विमान नऊ तासांचं, त्यामुळे त्या नव्वद दिवसांसाठी निदान जिवावर येत नाही.

नाशिकलाच राहणं हा तिसरा पर्यायही मी तिच्यापुढे ठेवला होता. स्वतःचा फ्लॅट, खालच्या मजल्यावर सासू-सासरे, तिची पक्की नोकरी. तिने तो ऐकून सोडून दिला.

माझं मत विचाराल तर मोठं मूल पाचच्या आत असेल तर डोळे मिटून जर्मनी. मोठं मूल नऊ-दहाचं असेल आणि कॅनडाचं दार खरोखर उघडत असेल तर कॅनडा. बहीण नेमकी मध्ये अडकली आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या वयाला गुणांची सोडत लागणं कठीण. त्यामुळे तिच्यासाठी जर्मनी, पण पुढच्या सहा महिन्यांत. दोन वर्षांनी जायचं असेल तर मुलासाठी नकोच.

अजून त्यांचं ठरलेलं नाही. मुलाला मात्र ऑनलाइन जर्मनला बसवलंय. इंग्रजी माध्यमाचा, त्यामुळे वीसच्या पुढे अडला: आधी एक आणि मग वीस, असं उलटं का म्हणायचं? आजोबा पेपर वाचत होते, म्हणाले, "उलटं कुठे? एकवीस म्हणजे काय वेगळं असतं?" आता तो आजोबांकडून मराठी आकडे शिकतोय. एकोणतीसला दोन्ही भाषा भांडतात, तिथे थांबलाय.