आपला माणूस म्हणून शेडचं काम दिलं, १,४२,५०० रुपये गेले

ॲडव्हान्स घेऊन गायब होणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, ती परत सांगत बसत नाही. आमच्या बेळगावच्या सीमाभागात हा धंदा करणाऱ्याला एक जादा सोय आहे, ती सांगायला लिहितोय. बाची ओलांडलं की शिनोळी, कोगनोळी सोडली की कागल, म्हणजे कर्नाटक संपून महाराष्ट्र. दुकान तिकडं, काम इकडं, आणि तक्रार घ्यायला कुणीच नाही. ज्यानं मला बुडवलं त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी तेवढं पथ्य घातलंय. बाकी सगळं लिहितो, आकड्यांसकट.

वडगावात आमचं जुनं घर. स्लॅब दर पावसाळ्यात गळतो, जिन्याजवळ आणि देवघराच्या कोपऱ्यात. केमिकल मारून झालं, डांबर ओतून झालं, एकदा वर चायना चिप्स (टाइल्सचे तुकडे) बसवून झाल्या. शेवटी ठरवलं, वरून पत्र्याचं शेडच घालून टाकायचं. तीस बाय चोवीस, म्हणजे ७२० स्क्वेअर फूट. उद्यमबागच्या ओळखीच्या दोघा फॅब्रिकेटरांनी ३१० आणि ३२५ रुपये दर सांगितला. तेवढ्यात बायकोच्या माहेरकडच्या एका पाहुण्यानं या कॉन्ट्रॅक्टरचा नंबर दिला. याचा दर २६५. एकूण १,९०,८००. सरळ ३२,४०० रुपये वाचत होते. आता जे मला शहाणपण शिकवायला येतात, त्यांनी स्वतःच्या घराचं काम काढलं असतं तर तेवढे पैसे सोडले असते काय?

आणि माणूस बोलायला काय गोड! आल्या आल्या चपला बाहेर काढून देवघरातली ओल बघायला गेला. 'काका, इथं आपल्या माणसानंच आपल्या माणसाचं काम करायचं की ओ, नाहीतर कोण करणार?' एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात, त्याच्या सायकल फेरीला दरवर्षी इकडं येतो म्हणाला. मी विरघळलो. इथं ज्याचं आयुष्य कानडी फॉर्म भरून घेण्यात गेलंय तो विरघळणारच. मराठी बोलतो आणि सीमाप्रश्नाचा कळवळा दाखवतो, एवढ्यावर कुणाला पैसे देऊ नका. ह्या लोकांनी ते आता धंद्याचं भांडवल केलंय.

कोटेशन छापील लेटरहेडवर होतं. पत्ता महाराष्ट्रातला, खाली जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. पत्ता पलीकडचा आणि नंबर अलीकडचा, हे कागदावर चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर होतं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की कुणाचा आहे ते फुकट दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. नंतर टाकून बघितला तर नंबर भलत्याच माणसाचा, तोही रद्द झालेला. छोट्या फॅब्रिकेटरकडं जीएसटी नसला तर काही बिघडत नाही, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे तो लागतही नाही. पण जो दुसऱ्याचा नंबर छापतो तो पहिल्या दिवसापासून ठरवून आलेला असतो.

पैसे असे गेले. ५०,००० ॲडव्हान्स, फोनवरून, त्याच्या वहिनीच्या खात्यावर ('माझ्या खात्याची लिमिट संपलीय काका'). मग ६७,५००, कारण 'उद्यापासून स्टीलचा दर वाढतोय, आज माल उचलला तर तुमचाच फायदा'. ते पण वहिनीच्याच खात्यावर. शेवटचे २५,००० रोख, पत्र्यासाठी. कोटेशनमध्ये ०.३५ एमएमचा पत्रा धरला होता, चांगल्या कंपनीचा ०.५० चा घालूया म्हणाला. एकूण १,४२,५००. यातले रोख २५,००० मी आज कुठल्याही कोर्टात सिद्ध करू शकत नाही. ज्याच्याशी बोलणं झालंय त्याच्याच खात्यावर पैसे टाका. वहिनी, मेहुणा, 'आमचा मॅनेजर', कुणी नको.

आता तो पाइप आला त्या दिवसाचं सांगतो. हे सांगताना अजून हात थरथरतात, रागानं.

मी उद्यमबागेत तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. एमएमचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तर जॉब रिजेक्ट करणारा माणूस मी. घरात कपाटात स्वतःचा मायक्रोमीटर आहे, रिटायर होताना पोरांनी दिलेला. बोलणं ठरलं होतं पन्नास बाय पन्नास चौकोनी पाइपाचं, चौदा गेज, म्हणजे दोन एमएम जाडी. पिकअप दारात लागली आणि विशी न गाठलेलं एक किडकिडीत पोरगं वीस फुटी तीन पाइप एका खांद्यावर टाकून आमचा अरुंद जिना चढून गेलं. न थांबता, शिट्टी वाजवत. दोन एमएमचा तसला एक पाइप अठरा किलोच्या आसपास भरतो. तीन म्हणजे चोपन्न किलो. मी खाली चहाचा कप घेऊन उभा आणि मनात म्हणतोय, काय ताकद आहे पोरात!

मग मायक्रोमीटर काढला का नाही? काढला. तेवढं माझ्या पदरात घाला. पण सगळ्या पाइपांच्या दोन्ही तोंडांना चौकोनी पट्ट्या वेल्डिंग करून आणलेल्या. 'आत पाणी जाऊन गंज धरू नये करून दुकानातच बंद करून आणलेत काका, एक्स्ट्रा काम आहे, पैसे नाही लावले त्याचे.' तोंड बंद असल्यावर जाडी मोजणार कुठं? वर म्हणाला, 'मापं काढालाय म्हणजे विश्वास नाही काय ओ आमच्यावर?' घरात पाहुणे बसलेले, त्यातच तो नंबर देणारा पाहुणा. माणसानं तिथं काय करायचं? मी मायक्रोमीटर खिशात ठेवला. पाइप काट्यावर ठेवायचं सुचायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. माझा मुलगासुद्धा म्हणतो, जो त्या दिवशी मोबाइलवर मॅच बघत होता.

पुढं जाडी निघाली १.२ एमएम. म्हणजे अठरा गेज. हे कळलं ते दुसऱ्या फॅब्रिकेटरनं ड्रिल मारल्यावर, बिट लोण्यात घुसल्यासारखं आत गेलं. अठरा गेजचा तोच पाइप सव्वाअकरा किलोचा असतो. जाडी लपवता येते, वजन लपवता येत नाही. लोखंडाचं काम द्यायचं तर दोनच रस्ते आहेत: माल स्वतः दुकानातून किलोवर घ्या आणि फॅब्रिकेटरला फक्त मजुरी द्या, नाहीतर गाडी आधी वे-ब्रिजवर, म्हणजे गाडीच्या वजनकाट्यावर, नेऊन पावती मागा. स्क्वेअर फुटाच्या दरात काय घातलंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पत्र्याचंही तेच, मागच्या बाजूला कंपनीचं नाव आणि जाडी छापलेली असते, छाप नसलेला पत्रा उतरवूनच घेऊ नका.

खांब उभे राहिले, चार कैच्या (पत्र्याखालचे लोखंडी सांगाडे) चढल्या, आणि माणूस गेला. आधी 'पत्र्याची गाडी कोल्हापूरला अडकलीय', मग 'आईला ॲडमिट केलंय', मग फोन बंद. मिरग आला. गच्चीवर नुसते खांब, वर आभाळ. मांडव घातलाय आणि लग्न मोडलंय असं आमचं घर दिसायचं, आणि गल्लीतला प्रत्येक जण वर बघून विचारायचा, 'शेडचं काय झालं ओ?' खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडलेली, त्यामुळं जिथं आधी गळत नव्हतं तिथंही गळायला लागलं. ६,४०० रुपयांची ताडपत्री घेतली.

त्याच्या दुकानावर जाऊन बसल्यावर एक चेक दिला, एक लाखाचा. मला वाटलं सुटलो. तो चेकही बाउन्स झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या चेकनं पोलिसांना आयती पळवाट मिळाली.

आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो तर पहिल्यांदा 'साहेबरु इल्ला, नाळे बर्री', साहेब नाहीत, उद्या या. मग साहेब भेटले तर अर्ज मराठीत आहे म्हणून परत. कोर्टाबाहेर ३०० रुपये देऊन कानडीत टाइप करून घेतला. तो वाचून म्हणाले, 'इदु सिव्हिल मॅटर री', हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर छापलाय, पाइपाची तोंडं बंद करून आणलीत, हे सुरुवातीपासूनच फसवायचं ठरवल्याचं लक्षण नाही काय? तर म्हणाले, त्यानं चेक दिलाय ना, मग चेकची केस घाला. आणि माणूस महाराष्ट्राचा, तिकडं जा. तिकडं गेलो. तिथं निदान मराठीत बोलले, पण उत्तर तेच: काम बेळगावात, पैसे बेळगावच्या बँकेतून गेले, आमचा काय संबंध? सायबरच्या १९३० ला फोन केला तर तुम्ही माणसाला ओळखत होता, हे सायबर नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली आणि कंपनीचा ईमेल मागितला. कुठली कंपनी? वहिनीचं खातं! हे आपापसात राज्यांच्या सीमेवरून भांडतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय, पण माझ्या एक लाख बेचाळीस हजाराची वेळ आली की दोन्ही राज्यांचं एका मिनिटात एकमत: हा माणूस आमचा नाही.

कलम मी दाखवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची, हीच ती झिरो एफआयआर. न्याय संहितेच्या ३१८ मध्ये फसवणूक आहे, जुन्या ४२० च्या जागी. साहेब हसले आणि विचारलं, 'वकील काय तुम्ही?' मला एक हिंबरह, म्हणजे ठाण्याचं लेखी उत्तर, दिलं, सिव्हिल स्वरूपाचा वाद म्हणून अर्ज निकाली. निकाली! तो कागद मात्र फेकू नका. ठाण्यानं नकार दिला की त्याच कलमाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार पाठवता येते, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. स्पीड पोस्टानं पाठवा, हातात देऊ नका. हातात दिलेला कागद टेबलावरच राहतो.

ज्या दोन गोष्टी हललेल्या आहेत त्या पोलिसांशिवाय. चेक बाउन्सची नोटीस, वकिलाचे २,५०० रुपये. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, नंतर एक महिन्यात तक्रार. आणि ही केस तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते, २०१५ च्या दुरुस्तीपासून. म्हणजे त्याच्या गावाला हेलपाटे नाहीत, त्यालाच इकडं यावं लागतं. हे मला सांगितलं ते बँकेतल्या एका क्लार्कनं. पोलिसांनी नाही.

दुसरी जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रार. २०१९ च्या कायद्यात ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, समोरचा कुठल्याही राज्यातला असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. सीमाभागातल्या माणसाला ह्यापेक्षा उपयोगी तरतूद मी तरी पाहिली नाही, आणि ह्याचा एक बोर्डसुद्धा कुठल्या ठाण्यात लावलेला दिसला नाही. त्यासाठी फोटो लागतात, व्हॉट्सॲपवरचे मेसेज लागतात, दुसऱ्या कारागिराचा लेखी अभिप्राय लागतो. म्हणून खांब काढण्याआधी मोजमापाचे, ड्रिलच्या भोकांचे फोटो काढून ठेवले. ते मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही.

खांब उतरवून काट्यावर घातले तर ४१२ किलो. ठरलेल्या जाडीचे असते तर साडेसहाशेच्या वर गेले असते. दुकानात सत्तर रुपये किलोनं घेतला तरी २८,८४० चा माल, तेवढ्यावर त्यानं १,४२,५०० काढले. भंगारात ३२ रुपयांनी विकले, १३,१८४ मिळाले. ताडपत्री, नोटीस आणि टायपिंग धरून आज माझे १,३८,५१६ रुपये अडकलेत. देवघराच्या कोपऱ्यातली गळती वेगळी.

तो आता दुसऱ्या नावानं छापील कोटेशन वाटतोय असं कळलंय, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावांत, दर २३५. तोंडं बंद केलेले पाइप कुणाच्या दारात उतरले असतील तर गाडी परत पाठवा, पाहुणा कितीही जवळचा असू दे. आणि आधीच पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, इथल्याच ग्राहक आयोगात तक्रार टाका. माझी पुढची तारीख लागलीय. एकट्याची फाइल ढकलायला सोपी जाते, पाच-सहा जणांची जात नाही.